आवाज घ्यायचाय, तर आवाज म्हणूनच घ्या

आमच्या बेळगावात पाट्यांच्या भाषेवरून आजवर भरपूर वाद झाले. पाटीवर लिहिलेल्या मजकुरावरून मात्र कुणी भांडलेलं मी अजून बघितलं नाही. शहरातून बाहेर पडणाऱ्या एका रस्त्यावर गाड्या मॉडिफाय करून देणारं दुकान आहे. त्याच्या बोर्डवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा गुण्यागोविंदाने नांदतात आणि तिन्हींत एकच वचन दिलेलं आहे. मराठीतलं असं: ‘फ्री-फ्लो सायलेन्सर बसवा. पिकअप वाढतं, ॲव्हरेज पण वाढतं.’

वाङ्मय मंडळाच्या अंकात सायलेन्सर कशाला, असं काही जणांना वाटेल. वर्गात आम्ही तीन वर्षं वाक्यं उलगडायला शिकतोय, तर मग हेच वाक्य का सोडायचं? त्यातला ‘पण’ बघा. मराठीत ‘पण’ दोन कामं करतो. कधी तो ‘सुद्धा’ असतो, कधी ‘परंतु’. पाटी लिहिणाऱ्याने पहिला वापरलाय. माझ्या मते तिथे दुसरा हवा होता.

दुसरं कारण घरचं आहे. माझा मावसभाऊ उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसी चालवतो. गेल्या वर्षी त्याने सेकंडहँड स्विफ्ट घेतली, पेट्रोल, १२०० सीसीची. आता तिला पुढच्या हेडरपासून मागच्या डब्यापर्यंत सगळा एक्झॉस्ट नवा बसवायचं त्याच्या मनात आहे. कोटेशन मिळालंय चाळीस हजारांचं, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. मी त्याच्याशी तीनदा बोलले, दादा तीनदा हसला. ‘तू कविता वाच की,’ म्हणाला. म्हणून आता लिहिते. आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्येही असे दादा बरेच आहेत.

आणि मला यातलं काय कळतं, तर माझ्या मामाचं गॅरेज आहे. शाळेत असताना सुट्टीत मी तिथे बिलं लिहायची. बिलं लिहिता लिहिता मॅनिफोल्ड, गॅस्केट, फ्लेक्स पाइप हे शब्द पाठ झाले. शब्द पाठ झाले की मला त्यांचा अर्थ विचारल्याशिवाय राहवत नाही. मामाने कंटाळा न करता सगळं सांगितलं, बऱ्याचदा हातातली वस्तू उलटीपालटी करून दाखवत.

आधी शब्दच घेऊ. सायलेन्सर म्हणजे शांत करणारा. अमेरिकन लोक याच भागाला मफलर म्हणतात, म्हणजे गळ्याभोवती गुंडाळायचं ते. आपण इंग्रजांचा शब्द उचलला. हायरम पर्सी मॅक्सिम नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि त्याच तत्त्वावर इंजिनांचे सायलेन्सरही बनवले. गंमत अशी की त्याचे वडील मशीनगनचे जनक. बापाने जगात एवढा आवाज केला, मुलाने तो कमी करायच्या मागे आयुष्य घातलं. आणि आज आपण ‘मोठ्या आवाजाचा सायलेन्सर’ असं सहज बोलून जातो. ‘गरम बर्फ’ म्हटल्यासारखं आहे हे, पण कुणाला खटकत नाही.

आता आत काय चालतं ते. इंजिन चार कामं करतं: हवा-पेट्रोल आत ओढतं, दाबतं, पेटवतं आणि जळलेला वायू बाहेर ढकलतं. हे चौथं काम फुकट होत नाही. पिस्टनला वर येताना तो वायू रेटावा लागतो आणि ती ताकद इंजिनाच्याच खिशातून जाते. बाहेरची वाट जेवढी चोंदलेली, तेवढा रेटा जास्त. या उलट्या दाबाला बॅक प्रेशर म्हणतात. शिवाय पेट्रोलमधल्या एकूण ऊर्जेतला साधारण एक तृतीयांश भाग उष्णता होऊन एक्झॉस्टमधून निघून जातो. त्यामुळे तिथे काहीतरी सुधारता येईल असं वाटणं चुकीचं नाही. पाटीवरचं वाक्य शंभर टक्के थाप असतं तर मला त्यावर एवढं लिहावं लागलं नसतं. ते अर्धं खरं आहे, म्हणून त्रासदायक आहे.

पार्किंगमधल्या तज्ज्ञांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, पाइप जेवढा मोठा तेवढी पावर. दुसरा म्हणतो, छे, इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच, नाहीतर पिकअप पडतं. दोन्ही पंथ अर्धवट माहितीवर उभे आहेत.

बॅक प्रेशर इंजिनाला कधीच नको असतं. त्याला हवा असतो वायूचा वेग. भरधाव एसटी गेली की रस्त्यावरचा पाचोळा तिच्या मागे ओढला जातो ना, तसंच इथे होतं. एका सिलिंडरमधून सुटलेला वायूचा झोत पाइपातून जोरात गेला की त्याच्या मागे दाब कमी होतो आणि मागचा उरलासुरला वायू ओढून घेतला जातो. सिलिंडर नीट रिकामा झाला की नव्या हवेला जागा मिळते. पाइप उगाच रुंद केला तर वायू पसरतो आणि मंदावतो. आपली मलप्रभाच घ्या, अरुंद जागी पळते, पात्र पसरलं की रेंगाळते. मोठा पाइप बसवलेल्या छोट्या गाडीचं कमी आरपीएमवरचं पिकअप पडतं ते यामुळे. बॅक प्रेशर गेलं म्हणून पडलं, असा निष्कर्ष मग लोक काढतात.

हेडर नावाचा भाग हा खेळ नेमकेपणाने खेळतो. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. त्यामुळे १ आणि ४ चे पाइप एकत्र आणायचे, २ आणि ३ चे एकत्र आणायचे, मग त्या दोन नळ्या पुढे जाऊन एक करायची. याला फोर-टू-वन म्हणतात. एका जोडीतले झोत एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, समान अंतराने जातात. चारही थेट एकात आणले तर फोर-टू-वन सोडून फोर-वन झालं. त्याचा फायदा जास्त करून वरच्या आरपीएमला मिळतो. पाइपांची लांबी किती, वळण कसं, यावरही बरंच ठरतं. मला हे सगळं फार सुंदर वाटतं, खरंच. वृत्तात मात्रा मोजून बसवाव्यात तसं कुणीतरी झोतांची वेळ मोजून पाइप वाकवतं. चांगल्या हेडरचं वेल्डिंग बघायला मामा चष्मा पुसून घेतो.

मग याचा फायदा होतो तरी कुठे? रेसिंगच्या गाडीत होतो. ती सरळ रस्ता मिळाला की पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून, सहा-सात हजार आरपीएमवर पळते. तिथे वायूचा लोंढा इतका असतो की प्रत्येक वळणाचा अडथळा जाणवतो. टर्बोच्या गाडीत होतो, कारण टर्बोचं चाकच एक्झॉस्टच्या वायूवर फिरतं. चाकाच्या पुढची वाट मोकळी झाली की ते लवकर वेग घेतं, आणि सोबत ईसीयूचं मॅपिंग बदललं तर फरक मोजण्याइतका असतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांतही होतो. त्यांत कंपनीचा बिडाचा मॅनिफोल्ड बऱ्याचदा ओबडधोबड असायचा.

दादाची गाडी यातल्या एकाही प्रकारात बसत नाही. टर्बो नसलेली, पेट्रोल इंजेक्शनची, कागदावर ८४ पीएसच्या आसपासची फॅमिली गाडी. ती सोमवार ते शनिवार टिळकवाडी ते उद्यमबाग जाते आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून गोव्याला.

थोडं गणित करते, वाङ्मय मंडळाने माफ करावं. १.२ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपलं पोट भरतं. ६००० आरपीएमवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, ते मिनिटाला जास्तीत जास्त ३६०० लिटर हवा ओढेल. आता तीच गाडी हायवेवर ताशी ८० ने शांतपणे चालली आहे असं धरा. एवढ्या आकाराच्या गाडीला सपाट रस्त्यावर तेवढ्या वेगासाठी दहा-बारा पीएस पुरतात. आरपीएम अडीच हजारांच्या आसपास, ॲक्सिलरेटर अर्ध्याहून कमी. हवा लागते अंदाजे ६०० लिटर. म्हणजे एक षष्ठांश. पाइपातला अडथळा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो नि कमी होतो. प्रवाह सहापट कमी, तर बॅक प्रेशर छत्तीसपट कमी. चाळीस हजार देऊन जो अडथळा काढायचा, तो रोजच्या चालवण्यात मुळात छत्तिसावा हिस्सा उरलेला असतो. गावातल्या ट्रॅफिकमध्ये तर त्याहून कमी.

खरा अडथळा तेव्हा भलतीकडेच असतो, हवा आत येण्याच्या दारात. ॲक्सिलरेटर कमी दाबला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन त्या फटीतून धाप लागल्यासारखी हवा ओढतं. मागचं दार कितीही मोठं करा, पुढचं दार तुमच्याच पायाने बंद ठेवलंय.

ॲव्हरेजचं आणखी एक. आजच्या गाडीत एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. तो जळलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला हे बघून ईसीयूला कळवतो आणि ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करून मिश्रण एका ठरावीक प्रमाणावर आणतं: वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. नेहमीच्या चालवण्यात ते हे प्रमाण सोडत नाही. सायलेन्सर बदलला म्हणून ईसीयू तुमच्यावर खूश होऊन पेट्रोल कमी टाकणार नाही.

तरीही पाटीवर विश्वास ठेवायचा असं ठरवू. दुकानदार म्हणतो ॲव्हरेज पाच टक्के वाढेल. गाडी लिटरला १५ देते, महिन्याला ८०० किलोमीटर फिरते, पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये धरा. महिन्याचं पेट्रोल होतं ५,३०० च्या आसपास. त्याचे पाच टक्के म्हणजे २६५ रुपये. चाळीस हजार वसूल व्हायला दीडशे महिने लागतील. साडेबारा वर्षं! गाडी आत्ताच दहा वर्षांची आहे. आणि हे पाच टक्के मिळाले तर.

दादाचं यावर उत्तर तयार होतं: माझ्या मित्राने बसवलाय, त्याला फरक जाणवला. जाणवला असणारच. गाडीचा आवाज वाढला की ती जोरात चाललीय असं अंगाला वाटतं. शिवाय नवीन सायलेन्सर लावल्यावर पहिले पंधरा दिवस माणूस तो ऐकण्यासाठी गिअर वर टाकायचं लांबवतो, आरपीएम चढवतो, आणि चढलेल्या आरपीएमला पिकअप मिळतंच. ते आधीही मिळत होतं, तेव्हा त्याने मागितलं नव्हतं. मामा एका वाक्यात सांगतो: ‘आवाज वाढला म्हंजे पावर वाढली असं नसतंय पोरी, नाहीतर भोंगा लावलेला टेम्पो पहिला आला असता.’

मोजायचं असेल तर डायनोवर मोजावं लागतं. गाडीची चाकं रोलरवर ठेवून मोजतात ते यंत्र. त्यातही हवेचं तापमान, इंजिनाची गरमी यांनी आकडा थोडाफार हलतो. म्हणून एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, बदलण्याआधी आणि नंतर असे दोन कागद मागायचे. टर्बो नसलेल्या छोट्या गाडीत नुसता सायलेन्सर बदलून जो फरक येतो तो बऱ्याचदा या हलण्यातच बुडून जातो.

इथवरचं सगळं पैशाचं होतं. दादाचे पैसे, दादाची हौस, मी कोण? पण कोटेशनच्या कागदावर तिसऱ्या ओळीत दोन शब्द होते, त्यांनी मी बसल्या जागी ताठ झाले. ‘कॅट डिलीट.’

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. बाहेरून बघितलं तर फुगीर डबा, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं, आणि त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या थरावरून जाताना कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधा नायट्रोजन होतात. युजीन हुद्री या फ्रेंच वंशाच्या अभियंत्याने गेल्या शतकाच्या मध्यावर लॉस एंजेलिसचा धूर बघून यावर काम सुरू केलं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला. त्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोल आणावं लागलं, कारण शिसं तो थर मारून टाकतं. २००० साली देशभर शिसंवालं पेट्रोल बंद झालं. म्हणजे कॅटमुळे आपल्या हवेतलं एक विष आपोआप गेलं. आपण सगळे त्यानंतर जन्मलो. आपल्या आईबाबांनी रस्त्यावर श्वासातून जे घेतलं ते आपल्याला घ्यावं लागलं नाही, याचं श्रेय थोडंसं या डब्याला आहे.

आता ‘डिलीट’ हा शब्द बघा. फोटो डिलीट करतात, मेसेज डिलीट करतात. हलका, स्वच्छ शब्द. ‘विष गाळणारी चाळण कापून टाकणे, मजुरीसह’ असं कोटेशनवर लिहिलं असतं तर किती जणांनी सही केली असती? मला वाटतं कमी जणांनी. आपली पिढी वाईट आहे असं मला वाटत नाही, पण शब्द गुळगुळीत असला की आपण त्यावरून घसरतो.

आणि यात एक छुपी अडचण आहे. आजच्या बऱ्याच गाड्यांत कॅट इंजिनाजवळ, मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, कारण तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही आणि इंजिनाजवळ तो लवकर तापतो. अशा गाडीला हेडर बसवायचा म्हणजे कॅट काढावाच लागतो. ग्राहक हेडर मागतो, कॅट त्यासोबत जातो, आणि बऱ्याचदा त्याला ते सांगितलंही जात नाही. कॅट गेला की त्याच्या पुढचा दुसरा सेन्सर तक्रार करतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यावरही उपाय आहे: सेन्सरला एक पोकळ नट लावून जरा बाहेर ओढायचं, म्हणजे त्याला खरं दिसत नाही. तोंड बंद करायचं तर एवढं साधं.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. मोकळ्या हायवेवर तो उडून जाईल, ठीक. पण दादाच्या घराखालचं पार्किंग बंदिस्त आहे आणि तिथेच तळमजल्यावर एका ताईंचं पाळणाघर आहे. सकाळी पावणेआठला गाडी थंड सुरू होते, तेव्हा पोरं येत असतात. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला नाही.

आवाजाबद्दल आता. मी आवाजाच्या विरोधात नाही. चोर्ला घाटात खालच्या गिअरला चढणाऱ्या गाडीचा खोल, भरलेला आवाज मलाही आवडतो, अंगावर काटा येतो. चांगल्या सायलेन्सरच्या आत भिंती, छिद्रांच्या नळ्या, काचेची लोकर यांची मांडणी अशी करतात की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि काही राहतात. वाद्य बनवण्याच्या जवळचं काम आहे ते. माणसाला ते हवंसं वाटणं यात लाज कसली? दादाने ‘मला आवाज आवडतो’ एवढं म्हटलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण घरी मावशीला चाळीस हजारांचं कारण द्यायचंय, म्हणून हौसेला ॲव्हरेजचा सदरा घातला जातो. पाटीवरचं वाक्य मुलांसाठी लिहिलेलंच नाही, ते मुलांनी घरी जाऊन सांगण्यासाठी लिहिलंय.

माझी ममी नर्स आहे. नाइट ड्युटी करून सकाळी आठ-साडेआठला घरी येते आणि पडदे लावून झोपते. आमच्या गल्लीत फटाका सायलेन्सरच्या दोन बाइक आणि एक गाडी आहे. ती तिघं गेली की ममी कूस बदलते, दुपारी उठते तेव्हा डोकं धरून बसलेली असते, आणि रात्री पुन्हा वॉर्डात जाऊन कुणाच्या तरी आयव्हीचे थेंब मोजते. रविवारी मिस्साच्या ऐन शांत क्षणी बाहेरून असाच एक फटाका गेला की फादर दोन सेकंद थांबतात आणि पुढे सुरू करतात. त्यांना दोन सेकंद पुरतात. ममीची झोप दोन सेकंदांत परत येत नाही.

कायदा काय म्हणतो हे बऱ्याच जणांना पोलीस अडवेपर्यंत माहीत नसतं, म्हणून पटकन सांगते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट शब्दांत पुन्हा सांगितलं. आवाज आणि धुराची मर्यादा ओडांडली तर कलम १९०(२) लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि लायसन्स तीन महिने बाद, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात चौकात बहुधा थोडक्यात भागतं, म्हणून कुणी मनावर घेत नाही.

एक्झॉस्टवर पैसे घालून पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही परत मिळतात अशा जागा मात्र आहेत. त्यांना पाटी नसते, कारण त्या दिसत नाहीत नि ऐकूही येत नाहीत.

पहिली म्हणजे गळती. मॅनिफोल्डच्या गॅस्केटला चीर पडली किंवा पहिल्या सेन्सरच्या आधी कुठे भोक पडलं तर दोन झोतांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू बिचारं जास्त पेट्रोल टाकत राहतं आणि ॲव्हरेज गुपचूप उतरतं. थंड इंजिन सुरू करताना ‘टिक टिक’ असा आवाज येतो आणि गाडी तापली की कमी होतो, ती याची खूण. गॅस्केट काही शेकड्यांत येतं.

दुसरी, चोंदलेला कॅट. प्लग नीट पेटत नसेल किंवा इंजिन ऑइल खात असेल तर कॅट आतून वितळतो नाहीतर भरून जातो. मग गाडी चढाला अक्षरशः गुदमरते. ॲक्सिलरेटर दाबा, आवाज होतो, गाडी पुढे सरकत नाही. अशा वेळी आधी मूळ रोग बरा करून चांगला कॅट घातला तर गाडी पुन्हा जिवंत होते. महाग काम आहे, पण यातला पिकअप खरा असतो.

तिसरी, गंज. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गाडी लांब गेली तर ते वाफ होऊन जातं. टिळकवाडी ते उद्यमबाग एवढंच अंतर असेल तर सायलेन्सर पुरता तापत नाही आणि पाणी डब्यात साठतं. बेळगावचा पाऊस बाहेरून कुजवतो, हे पाणी आतून. बऱ्याच डब्यांना खाली पाणी गळायला एक बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजतं, किंवा कुणीतरी ‘लीक आहे’ समजून वेल्डिंगने बुजवतं. जूनच्या आधी एकदा गाडीखाली वाकून तारेने ते मोकळं करून घ्यायचं.

दादाच्या गाडीला सकाळी टिकटिक येते. मी ऐकलीय. येत्या शनिवारी मामाचा लिफ्ट रिकामा आहे, गॅस्केट मागवून ठेवलंय, आणि तोवर चाळीस हजारांचा ॲडव्हान्स द्यायचा नाही एवढं दादाने कबूल केलंय. पुढचं तो ठरवेल.